देवांबरोबर पाठवलं

१२ ऑक्टो., रवि.

रंगारी एकदाचे गेले. दिवाळीची सफाई आज संपली म्हणतात. दिवसभर मी घरात अडचण. या खोलीत बसलो तर सूनबाई, "बाबा, जरा तिकडे बसता का?" तिकडे गेलो तर मिलिंद, "बाबा, जरा बाहेर." शेवटी गॅलरीत. अंगठे धरून उभं राहायचं तेवढं बाकी होतं.

सं. मिलिंदने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. भिंतीवर काहीतरी टॉवेलने झाकलेलं. टॉवेल ओढला. सु.चा, त्याच्या आईचा, नवा फोटो. केवढा मोठा! काच नाही, नुसतं चकचकीत. "कसा वाटतो, बाबा? कॉम्प्युटरवर सगळं नीट करून घेतलं. मान वाकडी होती, डोळे भलतीकडे होते, सरळ केले."

छान, म्हटलं. पोराचा चेहरा बघितल्यावर दुसरं काय म्हणणार.

मागे धबधबा घातलाय. सुमनला पाण्याची भीती वाटायची. तापीच्या पुलावरून जाताना माझा दंड धरायची.


१३ ऑक्टो., सोम.

दु. सगळे कामावर, नात ओवी कॉलेजच्या कुठल्या कामाला. घरात मी आणि तो फोटो.

जिथे बसावं तिथे बघते. जेवणाच्या टेबलाशी बसलो, तिथे बघते. पाठ करून बसलो तर पाठीला कळतं. अख्ख्या संसारात सु.ने माझ्याकडे असं रोखून पाहिलं नाही. तिचं बघणं कडेकडेचं. वाढता वाढता, दळण निवडता निवडता. जुन्या तसबिरीत ते तसंच आलं होतं. इथे सुरतेतच, उधन्याच्या स्टुडिओत काढलेली. फोटोवाला तिला समोर बघायला सांगत "सामे जुओ बेन, सामे जुओ" करत होता आणि मी दाराशी उभा राहून कवितेची एक ओळ म्हटली. तिने डोळे वळवले. हसू ओठांपर्यंत आलं होतं, अजून फुटलं नव्हतं. तेवढ्यात बटण दाबलं.

ओळ कोणती होती ते आता आठवत नाही. आयुष्यभर पोरांकडून कविता पाठ करून घेतल्या, आणि हीच नेमकी. पण तसबिरीकडे पाहिलं की वाटायचं, आहे, कुठेतरी आहे, जिभेच्या मागे. आज जीभ नुसतीच जड.

सं. सूनबाईला विचारलं, शीतल, जुनी तसबीर कुठे ठेवलीस?

"बाबा, तिला वाळवी लागली होती. देवांचे जुने फोटो काढले ना, कॅलेंडरं वगैरे, त्यांच्याबरोबर पिंपळाखाली ठेवायला दिली वॉचमनकडे."

"पिंपळाखाली?" एवढंच म्हटलं मी. तीच घाबरली.

"कचऱ्यात कशी टाकणार, बाबा? आई देवाघरी गेल्या. म्हणून देवांबरोबर पाठवलं. कुंकू लावून पाठवलं."

खरंच. ती पोर चुकली कुठे?


१४ ऑक्टो., मंगळ.

सकाळीच ओवीला घेऊन कालव्याकाठच्या पिंपळाकडे. नातीचं नाव मी ठेवलं. सगळे म्हणाले जुनाट आहे, सु. म्हणाली असू दे, हाक मारायला सोपं.

ओवी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सुट्टीत एक प्रोजेक्ट करायचाय. आमच्या सोसायटीतून कचरा निघतो तिथपासून तो संपतो तिथपर्यंत त्याच्या मागे जायचं.

"संपतो कुठे?"

"तेच तर शोधायचंय, आजोबा."

पिंपळ मोकळा. दरवर्षी दिवाळीआधी इथे देवांची जत्रा भरते. चौकट मोडलेला विठोबा, पाण्याने डाग पडलेली अंबाजी, कॅलेंडरावरचे सगळे मारुती. घरात ठेववत नाहीत, फेकवत नाहीत, मग झाडाच्या हवाली. आता विसर्जनाचा घाटही बंद. आज बुंध्याशी फक्त काचेचा चुरा आणि सोंड नसलेला एक गणपती.

चहावाला म्हणाला, "काका, काले गाडी आवी हती. दिवाळी छे ने, बधुं चोख्खुं करी गया."

काल. म्हणजे मी धबधब्यासमोर बसलो होतो तेव्हा.


१६ ऑक्टो., गुरु.

कचऱ्याच्या गाडीची वाट बघत फाटकाशी उभा. तिचं गाणं लांबून येतं. चाल चांगली आहे, दुसऱ्या ओळीत दोन मात्रा कमी पडतात, तिथे गाणाऱ्या बाईने श्वास घेऊन भागवलंय. सु. असती तर म्हणाली असती, कचरा द्या आधी, मात्रा मग मोजा.

ड्रायव्हर पोरगेलासा. "काका, भगवानना फोटा अमे नथी लेता. ए तो मोटी गाडी लई जाय. सीधुं डम्पिंग."

डम्पिंग. सगळ्या शहराचा कचरा जिथे जातो तिथे.

ओवीने वहीत रकाने आखलेत. ओला, सुका, धोकादायक. तिन्ही डब्यांना रंग दिलेत. मला विचारते, आजी कशात धरू? थट्टा नव्हती. लाकूड वेगळं, काच वेगळी, फोटोचा कागद आणखी वेगळा, सगळं तोडलं तरच रकाना मिळतो म्हणाली.

म्हटलं, चौथा रकाना आख.

"नाव काय देऊ?"

"टाकवत नाही."

ती हसली. पण आखला. सोसायटीत दारोदार फिरून विचारून आली संध्याकाळी, आणि चौथाच रकाना सगळ्यात भरला. समोरच्या काकींकडे काकांचा चष्मा आहे, काड्यांसकट. तिसऱ्या मजल्यावर एका डबीत बाळाची नाळ, बाळ आता कॅनडात. कोणाकडे सासऱ्यांची कवळी. "कवळी, आजोबा! डब्यात, पाण्यात!" म्हणे त्या बाई रविवारी पाणी बदलतात.


१८ ऑक्टो., शनि. धनत्रयोदशी.

दिवे लावले. शीतल आज माझ्याशी फारच जपून बोलते. तिला कसं सांगू की तुझ्यावर राग नाही. राग नाही, पण.

दुपारच्या डुलकीत पाहिलं. सु. पालथी पडलीये, पाठीवरचा खाकी कागद दिसतो. मी उलटवतो तर पुन्हा पाठच.


२२ ऑक्टो., बुध. पाडवा.

शीतलने मिलिंदला ओवाळलं. पाटाभोवती रांगोळी, अत्तर. सु. गेल्यापासून पाडव्याला मी आंघोळ करून तिच्या तसबिरीसमोर उभा राहतो क्षणभर. कोणाला सांगत नाही. ओवाळायचं तिने, मी नुसतं समोर उभं राहायचं. एवढाच विधी.

आज उभा राहिलो. त्या डोळ्यांसमोर टिकेना. ते कोणालाही बघतात. उद्या नारळवाला आला तर त्यालाही असेच बघतील.

"आजोबा, मी ओवाळू?" ओवी.

"पाडव्याला बायको ओवाळते गं."

तिने भिंतीकडे बघितलं. मग म्हणाली, "रविवारी जाऊया डम्पिंगला. मला प्रोजेक्टसाठी जायचंच आहे."

मिलिंद वैतागला. "बाबांना तिथे कुठे नेतेस? आणि आता काय मिळणार तिथे? नवा फोटो लावलाय ना एवढा."

लावलाय ना एवढा.


२६ ऑक्टो., रवि.

ओवीच्या स्कूटरवर मागे. शहर अंगावरून गेलं. उधन्याला माझ्या शाळेच्या गल्लीशी तिने मुद्दाम हळू केली. मराठी शाळेची पाटी आहे, पोरं फार नाहीत म्हणतात. पुढे खजोद, तिथेच डम्पिंग.

मी समजत होतो धूर, घाण, गिधाडं. तर समोर टेकडी. चक्क हिरवी. वरून माती टाकून बंद केलीये, गवत वाढलंय, एका बाजूला फुलंसुद्धा. एखाद्या भूगोलाच्या पुस्तकातलं चित्र. फक्त जागोजागी जमिनीतून पाइप वर आलेत, तोंडं वाकवलेले.

"ते कशाला?"

"खालचं अजून सडतंय, आजोबा. वर्षानुवर्षं सडतं. गॅस निघायला वाट लागते, नाहीतर फुटेल."

म्हणजे श्वास. सगळ्या शहराने टाकलेलं खाली पडलंय आणि श्वास घेतंय. वारा फिरला तेव्हा वास आला, घाण म्हणावा असा नाही, जुन्या ट्रंकेचा, ओल्या वह्यांचा. कुंपणाच्या जाळीला धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. मला एका बाजूने वाटत होतं, बाई, तू इथे नसावीस. आणि दुसऱ्या बाजूने ऐकू आलं तर बरं, म्हणून कान देत होतो.

ओवी माप घेत होती, फोटो काढत होती. तिचं बघणं वेगळं. तिला उंची दिसते, उतार दिसतो, पाणी कुठून झिरपतं ते दिसतं. मला एक मोठी झाकलेली गोष्ट दिसली.

वॉचमन म्हणाला, फ्रेमा इथे येतच नाहीत आता. "पेला शेडमां जुदुं पाडे. सचिन बाजू." आधी सचिन गावाकडच्या शेडमध्ये निवडतात, लाकूड, काच, पुठ्ठा. पुठ्ठ्याचे गठ्ठे बांधून मिलला.

परत येताना ओवी ओरडून सांगत होती, वाऱ्यात अर्धं ऐकू येई. कागदाचा लगदा होतो. लगद्याचा पुठ्ठा. पुठ्ठ्याची खोकी. सुरतेत खोकी कशाची? साड्यांची.

म्हणजे सगळे देव शेवटी साडीच्या खोक्यात. उघडलं की आत जरीची साडी. सु.ला असं संपणं वाईट वाटलं नसतं खरं तर. मलाच वाटतंय.


२९ ऑक्टो., बुध.

शेड पाहिली. लिहावं की नाही?

उंच पत्र्याची शेड. मधे सरकता पट्टा, दोन्ही अंगांना बायका, तोंडाला ओढण्या. हात असे चालतात की कविता पाठ म्हणणाऱ्या पोराची जीभ चालावी. बाटली इकडे, दुधाची पिशवी तिकडे. ओवी सुपरवायझरशी बोलत राहिली. मी मागच्या भिंतीकडे गेलो.

अख्खी भिंत. वरच्या रांगेत देव. पुसून, ओळीने, उंचीप्रमाणे. उदबत्ती. आणि देवांच्या खाली माणसं. गेलेली माणसं. फेटेवाले, चष्मेवाले, एक तरुण मुलगा, एक नऊवारीतली म्हातारी, कोणाचे वडील, कोणाची आई. पट्ट्यावरून आलेले. बायकांनी तोडायला दिले नाहीत, भिंतीला टेकवून ठेवले. सगळे समोर बघत होते. बाकांवर बसलेल्या वर्गासारखे. हजेरी घ्यायला कोणी आलं असेल तर "हजर" म्हणायला तयार.

एक बाई उठून आली. "आठे बठा, बाबा. कोनले देखतस?"

अहिराणी! त्या पत्र्याखाली, त्या आवाजात. शिरपूरकडची निघाली, राहते कोसाडला, नाव रत्नाबाई. सु. रागावली की आणि फार खूश झाली की अशीच बोलायची. मी तिथेच बसलो.

आणि तिथे ती होती. खालच्या रांगेत. चौकटीच्या कोपऱ्याला वाळवीची भोकं, हनुवटीवर तीळ, शीतलने लावलेलं कुंकू काचेवर अजून. पण एकटी नव्हती. तिच्या शेजारी टेकवलेला एक पुरुष. काळी टोपी, भरघोस मिश्या. आणि दोघांच्या चौकटींवरून मिळून एकच हार. प्लास्टिकचा झेंडू, तोही पट्ट्यावरच आला असणार.

"हाई जोडी एकच दिनले उनी," रत्नाबाई म्हणाली. "मंग मी एकच हार घाला."

एका दिवशी आले म्हणून नवरा-बायको. आणि मग हसून, "बाई तं दादाकडेच देखस, देखा ना!"

खरंच. सु. त्याच्याकडे बघत होती. तेच कडेचं बघणं, तेच ओठांपर्यंत आलेलं हसू. आणि तो माणूस असा, की नुकतंच काहीतरी म्हणून गप्प झालाय.

मी दाराशी उभा होतो. स्टुडिओत. दार तिच्या डाव्या हाताला होतं. पक्कं आठवतं. ही स्वतःच्या उजवीकडे बघते.

ओवी मागे येऊन उभी राहिली होती. "आजोबा, ही आजीच ना?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना." वर्गातला आवाज निघाला. पट्ट्यावरच्या बायकांनी वर बघितलं.




३० ऑक्टो., गुरु.

नाही म्हटलं मी.

जिवंतपणी ती बाजारात मागे राहायची, मी पुढे चालायचो, कोणी विचारलं तर मागे बोट दाखवून "मंडळी" म्हणायचो. पण नाही असं कधी.

का म्हटलं? हाराचं कारण होतं. हार तोडावा लागला असता, रत्नाबाई बघत होती. तेवढंच असतं तर बरं. खरं म्हणजे वाटलं, ही मला आठवते ती नव्हे. माझी डावीकडे बघते. ही दुसऱ्याच कोणाची तरी आहे आणि त्याच्याजवळ सुखात आहे.

जेवण गेलं नाही. शीतलने ताक आणून ठेवलं.


२ नोव्हें., रवि.

दु. एक उद्योग केला. हॉलमध्ये उभं राहून पहिलीपासूनच्या कविता क्रमाने म्हणत गेलो. मोठ्याने, चालीवर. पावसाची, पाखराची, आईची, झेंड्याची. कुठल्या ओळीला सु. हसली असेल? एकही ओळ अडली नाही आणि एकीनेही हाक दिली नाही. धबधब्यातली बाई सगळं शांतपणे ऐकत होती. परीक्षकासारखी.

चौथीपाशी आलो आणि दारात मिलिंद. केव्हा आला कळलं नाही.

"बाबा, काय चाललंय?"

सांगितलं. स्टुडिओ, दार, ओळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी. तो बूट काढता काढता थांबला.

"पण बाबा, तुम्ही नव्हतात."

"कुठे?"

"स्टुडिओत. तुमच्या शाळेत परीक्षा होती. आई मला घेऊन गेली होती. मला तिथलं स्टूल आठवतं, गोल फिरणारं. मी त्याच्यावर फिरत होतो आणि फोटोवाला ओरडत होता. आई मला बघून..." मग म्हणाला, "म्हणजे मला तरी असं आठवतं. लहान होतो."

मी म्हटलं, स्टूल कुठल्या बाजूला होतं?

त्याला सांगता येईना. उभा राहून हात इकडे-तिकडे करून बघितलं त्याने. मग स्वतःच त्या नव्या फोटोकडे बघत राहिला. डोळे त्यानेच सरळ करून घेतलेत. 

मी कुठे होतो मग? ओळ कोणी म्हटली? म्हटली का?


४ नोव्हें., मंगळ.

ओवीला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. शेडमध्ये तिने भिंतीचा फोटो काढला होता, घरी मोठा करून तीळ बघितला, काचेवरचं कुंकू बघितलं. बोलली नाही. आज बोलली.

"मी कशाला बोलू? तुम्ही नाही म्हणालात ना. पण आता वेळ नाही, आजोबा. सोमवारी भिंत रिकामी करतायत. चुना मारणार, तिथे गठ्ठे बांधायचं नवं मशीन येणार."

"मग त्या सगळ्यांचं?"

"देवांची व्यवस्था आहे. विसर्जनाची गाडी येणार आहे, विधी करून वगैरे. मी विचारलं."

"आणि माणसं?"

"माणसांचं काय ते कोणालाच माहीत नाही. मी प्रत्येकाला विचारलं, आजोबा. सुपरवायझर म्हणतो, एना माटे कोई नियम नथी." मग वही मिटून म्हणाली, "लाकूड, काच, पुठ्ठा."

देवांना नियम आहे. माणसाला, एकदा घरातून निघाला की, नाही.

म्हटलं, मला जायचंय.

"रविवारी. क्लास आहेत, आधी नाही जमणार. रत्नाबाईंना फोन करून ठेवते, ठेवून घ्या म्हणून."

तिने फोन केला. मला ऐकू येईल असा केला. पलीकडून आवाज, मशीनची घरघर आणि मधूनच ते शिरपूर. "तुमनीच बाई शे का? मंग त्या दिनले का नही बोलनात बाबा?" ओवीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर.

फोन ठेवताना रत्नाबाई आणखी काहीतरी म्हणाली. ओवीने जरा थांबून सांगितलं. "म्हणते, दादा एकला पडेल आता."


६ नोव्हें., गुरु.

त्या मिशीवाल्याचा विचार जात नाही.

कोणाचा कोण. त्याच्याही घरी कोणीतरी सूनबाई असेल, कुंकू नाही तर गंध लावून पाठवलं असेल. त्याच्याही नातेवाइकांनी नवा फोटो करून घेतला असेल, मिश्या काळ्या करून. त्याच्या बायकोची तसबीर कुठे असेल? का ती अजून आहे, कुठल्याशा खोलीत, भिंतीवर चौकोनी डाग बघत?

काल पडल्या पडल्या वाटलं की ओळ त्यानेच म्हटली असणार. हसू आलं. म्हटलं, बाबा रे, काय म्हणालास ते तरी सांग.


८ नोव्हें., शनि.

उद्या जायचं.

मिलिंदने स्वतःहून नवा फोटो खाली काढला. मी काढ म्हटलं नव्हतं. भिंतीला टेकवून ठेवला आणि त्याच्यासमोर उभा. "याचं काय करायचं मग?" शीतल म्हणाली, "टाकायचा कसा? आईच आहेत." ओवी आतून ओरडली, "चौथा रकाना!" शीतल हसली, आणि मग तोंडावर हात धरून आत गेली. पिंपळाचं मनात घेऊन बसलीये अजून. जेवताना तिला म्हटलं, तू देवांबरोबर पाठवलंस म्हणून रत्नाबाईच्या हाती पडली, नाहीतर कुठे असती? तिने वाढायचं थांबवलं नाही, पण भात दोनदा वाढला.

रत्नाबाईंचा फोन सकाळपासून लागत नाही. ओवी म्हणते, शनिवारी उशिरापर्यंत पट्टा चालतो, तिथे रेंज नसते. मला वाटतं, भिंत आजच रिकामी केली नसेल ना? ओवी म्हणते, सोमवार म्हणजे सोमवार. कोणी सांगावं.

मला भीती मात्र वेगळीच. ती मिळाली, घरी आली, या भिंतीवर लागली, आणि उजवीकडे बघत राहिली तर. उजवीकडे भिंतच आहे, नुसती. नवा रंग. तिथे बघत ती हसणार कोणाला? खुर्ची त्या बाजूला सरकवून बसून पाहिलं आज. बसलो. काहीतरी म्हणावं म्हणून तोंड उघडलं. आलं नाही काही.

सं. हत्यारांच्या डब्यातून हातोडी काढली, खिळे वेचले. जुने, पण सरळ.

शीतल पोळ्या लाटता लाटता बघत होती. "बाबा, खिळे दोन कशाला?"

"एखादा वाकतो."

तिने लाटणं पुन्हा फिरवलं. मिलिंदने पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पेपर वर घेतला.

ओवी कापडी पिशवी घेऊन आली. "आजोबा, ही पुरेल की मोठी घेऊ?"

मी टॉवेल शोधला, तोच, ज्याने त्या दिवशी नवा फोटो झाकला होता. घडी करून तिच्या हातात दिला. म्हटलं, हा दोघांच्या मधे घालायचा. काचेला काच लागू द्यायची नाही.